शहराचं वेगळं स्कूल बोर्ड: मतदान हवंच, पण नेमकं कशावर आणि कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते अलाबामातल्या एका वाढत्या उपनगरात राहतात. तिथल्या सिटी कौन्सिलने काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, शाळांपासून वेगळं होऊन शहराचं स्वतःचं स्कूल बोर्ड काढायची तयारी चालवली आहे. काही रहिवासी म्हणतात, आधी मतदान घ्या. कौन्सिलचं म्हणणं, आम्हाला लोकांनीच निवडून दिलंय, मग पुन्हा मतदान कशाला? मुलगी सातवीत आहे, तिची शाळा शहराच्या हद्दीत आहे. घराच्या पत्त्यात शहराचं नाव आहे, पण हद्दीत आहे की नाही याची खात्री नाही. नवरा-बायको दोघेही ग्रीन कार्डवर. त्यांनी विचारलंय की अशी मतदानाची अट असावी का, आणि मतदान झालंच तर आपण काय बघायचं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. इथे बोर्ड म्हणजे परीक्षा घेणारं एसएससी बोर्ड नव्हे. अमेरिकेत स्कूल बोर्ड म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक संस्था: शिक्षक नेमणं, इमारती, बस, बजेट, शाळेच्या हद्दी हे सगळं तिच्याकडे. अलाबामात प्रत्येक काउंटीचं असं एक बोर्ड आहे, आणि ज्या शहरांनी वेगळं काढलंय त्यांचं आपापलं. ५,००० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहराला ते काढता येतं. त्यासाठी कौन्सिलचा निर्णय पुरतो, आणि सहसा बोर्डाचे पाच सदस्यही कौन्सिलच नेमतं.

म्हणजे कायद्याच्या अंगाने कौन्सिल चुकीचं बोलत नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे: मतदान हवं. कारण हा निर्णय परत फिरवता येत नाही. रस्त्याचं कंत्राट चुकलं तर पुढचं कौन्सिल ते बदलतं. बोर्ड एकदा वेगळं झालं, इमारतींची मालकी बदलली, शिक्षकांचे करार झाले, कर्जरोखे निघाले, की पुढच्या निवडणुकीत सगळं कौन्सिल बदललं तरी मागे जाण्याची वाट उरत नाही. चार वर्षांसाठी निवडून आलेल्यांनी चाळीस वर्षांचा निर्णय घ्यायचा असेल, तर त्या एका निर्णयापुरतं लोकांकडे परत जाणं योग्य आहे.

पण तुमचा खरा प्रश्न मतदान हवं की नको हा नाहीच. मतदान कशावर घेणार, केव्हा घेणार आणि कोणाला मत असणार, यावर सगळं ठरतं. या तीन गोष्टी सैल सोडल्या तर मतदानाची अट कागदावर राहते आणि घाईने घेतलेल्या निर्णयावर लोकांच्या नावाचा शिक्का बसतो.

मत कोणाला, इथूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या घरासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पत्त्यातलं शहराचं नाव पोस्ट ऑफिसच्या सोयीने येतं. त्याचा नगरपालिकेच्या हद्दीशी संबंध असेलच असं नाही, आणि वाढत्या उपनगरांत तर तो हमखास तुटलेला असतो: एकाच रस्त्याची डावी बाजू शहरात, उजवी बाजू काउंटीत. खात्री करायची तर प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस काढा. त्यात राज्य, काउंटी, शाळा अशा कराच्या ओळी वेगवेगळ्या असतात. त्यात शहराच्या कराची ओळ असेल तर तुम्ही हद्दीत, नसेल तर बाहेर. काउंटीच्या असेसर ऑफिसच्या नकाशावरही घराचा तुकडा शोधून बघता येतो. हे आजच करा, कारण पुढचं सगळं उत्तर त्यावर बदलतं.

तुम्ही हद्दीबाहेर असाल, तर मतदानाच्या अटीने तुमचं संरक्षण आपोआप होत नाही. शहराच्या मतदानात शहराचेच मतदार मत देतात. ज्यांची मुलं त्याच शाळेत जातात पण घर हद्दीबाहेर आहे, त्यांना वगळून त्यांच्या मुलांचा निर्णय होतो. यावर वेगवेगळ्या राज्यांनी वेगळी उत्तरं दिली आहेत. टेनेसीत शहराच्या मतदारांचं बहुमत लागतं. लुइझियानात नवं स्कूल डिस्ट्रिक्ट काढायला राज्यघटनाच दुरुस्त करावी लागते, आणि अशी दुरुस्ती मोजक्या पॅरिशपुरती असेल तर राज्यभराचं बहुमत आणि त्या पॅरिशमधलं बहुमत अशी दोन्ही लागतात; पॅरिश म्हणजे तिथली काउंटी. त्या पद्धतीत मागे राहणाऱ्यांनाही आवाज मिळतो. मला दुसरी पद्धत तत्त्वतः जास्त न्याय्य वाटते, पण तिची अडचणही खरी आहे: काउंटीची लोकसंख्या शहराच्या दहापट असेल तर शहराला कधीच बाहेर पडता येणार नाही. म्हणून सगळीकडे लागू पडेल असं एकच उत्तर मी देणार नाही. एवढं मात्र कायद्यात लिहून घेता येतं की मतदानाच्या आधी हद्दीबाहेरच्या पालकांसाठी वेगळी जाहीर सुनावणी व्हावी आणि त्यांच्या मुलांचं काय होणार हे लेखी जाहीर व्हावं.

ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी वर असलेल्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. घर तुमचं, कर तुमचा, मूल त्या शाळेतलं, तरी अलाबामा किंवा टेनेसीत या निवडणुकीत तुम्हाला मत नाही. कोणी उत्साहाने मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला तरी भरू नका. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केल्यास पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर आणि इथल्या वास्तव्यावरही गदा येऊ शकते. जाहीर सुनावणीत बोलणं, लेखी प्रश्न देणं, आकडे मागणं यावर मात्र कसलीच बंदी नाही. खरं तर एका मतापेक्षा एका नेमक्या लेखी प्रश्नाचं वजन अशा वेळी जास्त पडतं, कारण उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागतं.

आता मतदान कशावर. बॅलटवर ‘आपल्या शहराचं स्वतःचं स्कूल बोर्ड असावं का?’ एवढाच प्रश्न असेल तर त्याला ‘नाही’ कोण म्हणेल? स्वतःचं घर असावं का, असं विचारण्यासारखंच ते आहे. घर केवढ्याला, हप्ता किती, छत कोणी दुरुस्त करायचं, हे त्या प्रश्नात नाही. अलाबामात होतं असं की बोर्ड काढायला मतदान लागत नाही, पण प्रॉपर्टी टॅक्स ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवायचा तर लागतं. बर्मिंगहॅमजवळच्या गार्डनडेल शहराने २०१३ मध्ये पाच मिलचा कर (मिल हे प्रॉपर्टी टॅक्स मोजायचं माप, त्याचा हिशेब पुढे देतो) कौन्सिलच्या अधिकारात लावला आणि आणखी पाच मिलसाठी मतदान घेतलं. लोकांनी मंजुरी दिली, आणि २०१४ मध्ये कौन्सिलने बोर्ड स्थापन केलं. म्हणजे लोकांनी मत दिलं ते करावर. वेगळं होण्याच्या अटी कशा असतील, हायस्कूलची इमारत कोणाची, बाहेरच्या मुलांचं काय, यावर मतदान झालंच नाही, कारण त्या अटी तेव्हा ठरलेल्याच नव्हत्या.

मिल म्हणजे काय, हे एकदा कागदावर मांडून बघा. एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. अलाबामात स्वतः राहत्या घराचं करपात्र मूल्य बाजारभावाच्या १० टक्के धरतात. तीन लाख डॉलरचं घर असेल तर करपात्र मूल्य ३०,००० डॉलर. एक मिल म्हणजे वर्षाला ३० डॉलर आणि १० मिल म्हणजे ३०० डॉलर, सवलती न धरता. तेच घर भाड्याने दिलेलं असेल तर मूल्य २० टक्के धरतात, म्हणजे १० मिलचे ६०० डॉलर. मालक ते भाड्यात वसूल करणारच. ‘महिन्याला फक्त २५ डॉलर’ अशी जाहिरात होते तेव्हा भाड्याने राहणाऱ्यांचा हिशेब त्यात नसतो, हे लक्षात ठेवा.

पण तुमच्या खिशातून किती जातात यापेक्षा शाळेत किती पोचतात हा आकडा मी आधी बघतो. त्यासाठी एकच माप पुरतं: एका मिलमागे दर विद्यार्थ्याला किती डॉलर. समजा शहराचं एकूण करपात्र मूल्य २० कोटी डॉलर आणि विद्यार्थी ४,०००. एक मिल म्हणजे दोन लाख डॉलर, म्हणजे दर विद्यार्थी ५० डॉलर. नवे १० मिल लावले तर दर विद्यार्थी ५०० डॉलर. आकडा बरा दिसतो. आता नव्या बोर्डाचं मुख्य कार्यालय उभं करा: सुपरिंटेंडेंट, मुख्य वित्त अधिकारी, विशेष शिक्षणाचा प्रमुख, जेवणाचा, बसचा, संगणकाचा, भरतीचा, फेडरल निधीचा. यातली बरीच पदं ऐच्छिक नाहीत, कायद्यानेच लागतात. १२ माणसं, पगार आणि इतर लाभ धरून सरासरी एक लाख डॉलर, म्हणजे १२ लाख, म्हणजे दर विद्यार्थी ३०० डॉलर. त्या ५०० मधले ३०० वर्गाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच संपले. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या शहराचे वेगळे असतील. पण गणित हेच करायचं, आणि विद्यार्थी १,५०० असतील तर तेच कार्यालय दर विद्यार्थी ८०० डॉलरला पडतं हेही बघायचं. टेनेसीत नव्या शहरी बोर्डासाठी किमान १,५०० विद्यार्थ्यांची अट आहे, त्यामागचं कारण हेच.

मागे राहणाऱ्या काउंटीचं गणितही याच मापाने करा. समजा वेगळं होण्याआधी काउंटीकडे ८० कोटींचं करपात्र मूल्य आणि २८,००० मुलं होती. एका मिलमागे दर विद्यार्थी साधारण साडेअठ्ठावीस डॉलर. शहर २० कोटी आणि ४,००० मुलं घेऊन गेलं, तर उरतात ६० कोटी आणि २४,००० मुलं: २५ डॉलर. शहराच्या मुलांना ५०, उरलेल्यांना २५. यात एक तांत्रिक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. सगळ्या काउंटीवर लावलेला कर वेगळं झाल्यावरही सर्व बोर्डांत वाटला जातो. फक्त त्या त्या शालेय विभागापुरता असलेला कर मात्र भूभागाबरोबर जातो. म्हणून नोटिशीवरची प्रत्येक ओळ यातली कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घ्या. बहुतेक वादविवादात हे दोन्ही एकत्र करून बोललं जातं आणि दोन्ही बाजूंचे आकडे फुगतात.

राज्याच्या पैशाचंही एक वेळापत्रक आहे. अलाबामाचा फाउंडेशन प्रोग्रॅम, म्हणजे शाळांना पैसे वाटायची राज्याची मुख्य योजना, आदल्या वर्षी लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) पहिल्या २० शालेय दिवसांतली पटसंख्या धरून निधी देतो, आणि स्थानिक वाटा १० मिलच्या बरोबरीचा मागतो. नव्या बोर्डाला ‘आदलं वर्ष’च नसतं, म्हणून काउंटीच्या पटातून त्याचा हिस्सा काढावा लागतो. नवं बोर्ड आलं म्हणून खासगी शाळेतली २०० मुलं परत आली, तर त्यांचा पूर्ण पैसा राज्याकडून त्याच वर्षी येत नाही, वर्गशिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून लागतात. शिवाय प्रॉपर्टी टॅक्स वर्षभर मागून वसूल होतो: आज मंजूर झालेला कर तिजोरीत यायला सहज वर्ष उलटतं. आणि एक महिन्याच्या खर्चाइतकी शिल्लक ठेवायचा नियम आहे तो वेगळाच. नव्या बोर्डाची पहिली अडचण वार्षिक बजेटात कधीच दिसत नाही. ती पहिल्या सहा महिन्यांच्या रोख रकमेत दिसते. म्हणून वार्षिक बजेटाबरोबर महिनावार रोखीचा तक्ता मागा. तो नसेल तर तयारी झालेली नाही असं समजा.

इमारतींवर येतो, कारण सगळ्यात मोठी भांडणं इथेच होतात. शहरातल्या शाळा काउंटीच्या पैशाने, म्हणजे शहराबाहेरच्या लोकांच्याही कराने बांधलेल्या असतात. त्या शहराला मिळणार का, फुकट की मोबदला देऊन, त्यावरचं कर्ज कोण फेडणार? गार्डनडेलचं नवं हायस्कूल २०१० मध्ये उघडलं होतं आणि ते फक्त त्या शहरासाठी बांधलेलं नव्हतं, आजूबाजूच्या मुलांसाठीही होतं. ते गेलं असतं तर काउंटीला त्या मुलांसाठी दुसरी सोय उभी करावी लागली असती. गार्डनडेलच्या वेगळं होण्यावरून फेडरल न्यायालयात जो खटला चालला, त्यात हा मुद्दा कळीचा ठरला; त्या खटल्यावर पुढे येतो.

टेनेसीत मेम्फिसच्या सहा उपनगरांचा अनुभव यासाठी अभ्यासण्यासारखा आहे, कारण तिथे मतदान झालं होतं, तेही दोनदा. मेम्फिस शहराच्या बोर्डाने डिसेंबर २०१० मध्ये स्वतःला विसर्जित करून शेल्बी काउंटीत विलीन व्हायचं ठरवलं आणि मार्च २०११ मध्ये शहराच्या मतदारांनी ते मंजूर केलं. मोठ्या एकत्रित बोर्डात जायला तयार नसलेल्या आर्लिंग्टन, बार्टलेट, कॉलिअरव्हिल, जर्मनटाउन, लेकलँड आणि मिलिंग्टन यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये आपापलं मतदान घेतलं आणि ते मंजूर झालं. पण ज्या कायद्याच्या आधारे ते झालं तो प्रत्यक्षात फक्त शेल्बी काउंटीलाच लागू पडत होता, म्हणून फेडरल न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये तो रद्द केला आणि मतदानही गेलं. विधिमंडळाने २०१३ मध्ये राज्यभर लागू होणारा कायदा केला, १६ जुलै २०१३ ला पुन्हा मतदान झालं, सहाही शहरांनी मोठ्या बहुमताने होकार दिला, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये शाळा उघडल्या.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, एकाच शहरासाठी घाईने केलेला खास कायदा कोर्टात टिकेल का, हे मतदानाच्या आधी तपासा. लोकांचं मत कायद्यातल्या दोषाला झाकत नाही. दुसरी, मतदान झालं तेव्हा इमारतींचा करार झालेला नव्हता. तो नंतर झाला, आणि त्यात उपनगरांनी काउंटी बोर्डाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्य खर्चाच्या देण्यापोटी १२ वर्षं हप्ते द्यायचं कबूल केलं. जर्मनटाउनचं तर असं झालं की शहराच्याच नावाच्या तीन शाळा, एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूल, काउंटी बोर्डाकडेच राहिल्या, कारण तिथे शिकणारी बरीच मुलं शहराबाहेरची होती. ज्यांनी जुलैत ‘हो’ म्हटलं होतं, त्यातल्या अनेकांच्या मनात आपल्याच हायस्कूलचं चित्र असणार. लेकलँडमध्ये शहरात एकच एलिमेंटरी शाळा होती. बोर्ड मंजूर झालं, पण मोठ्या शाळेच्या बांधकामासाठी ५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायचा प्रस्ताव २०१५ मध्ये त्याच मतदारांनी फेटाळला. बोर्ड हवं पण शाळेचा खर्च नको, असा मतदारांचा दोष यात मी मानत नाही. दोन प्रश्न दोन वर्षांच्या अंतराने वेगवेगळे विचारले, म्हणून असं झालं.

त्यामुळे मतदानाच्या अटीचा मसुदा माझ्या हातात असता तर मी क्रम असा ठेवला असता. आधी कौन्सिलने अभ्यासाला पैसे मंजूर करायचे, आणि तो अभ्यास वेगळं होण्याचं काम पुढे ज्यांना मिळणार अशा सल्लागारांकडून करून घ्यायचा नाही. मग काउंटी बोर्डाशी वाटाघाटी करून करारनाम्याचा कच्चा मसुदा तयार करायचा: इमारती, कर्ज, बस, कर्मचारी, हद्दीबाहेरची मुलं. तो मसुदा मतदानाच्या किमान ६० दिवस आधी जाहीर करायचा. काउंटी बोलायलाच तयार नसेल, आणि असं होतंच, तर शहराने ‘आम्ही जास्तीत जास्त एवढं देऊ’ हा आकडा छापायचा. आणि बॅलटवर बोर्ड आणि कर एकाच प्रश्नात जोडायचे: इतक्या मिलच्या करासह, या तारखेच्या मसुद्यानुसार वेगळं बोर्ड स्थापन करावं का? एकाला हो, दुसऱ्याला नाही, ही सोयच ठेवायची नाही. यावर आक्षेप येतो की असं जोडल्याने करविरोधी लोक चांगली योजना पाडतील. पडू दे. ज्या योजनेला तिच्या किमतीसकट बहुमत मिळत नाही, ती दोन वर्षांनी पैशावाचून अडते, आणि तेव्हा नुकसान मुलांचं होतं.

केव्हा, याचं उत्तर सोपं आहे. सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी. उन्हाळ्यातल्या विशेष मतदानाला शाळेत मुलं असलेले, संघटित आणि उत्साही लोक येतात. बाकीचे सुट्टीवर असतात.

किती बहुमत लागावं याबद्दल आपल्या लोकांचा गोंधळ होतो, कारण महाराष्ट्रातली ‘आडवी बाटली’ डोक्यात असते. तिथे दारूचं दुकान बंद करायला नोंदलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जो आला नाही त्याचं मत दुकानाच्या बाजूने धरल्यासारखं होतं. टेनेसीसारख्या ठिकाणी पडलेल्या मतांचंच बहुमत बघतात. नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याची अट इथे लावली तर कोणतंच बोर्ड कधी निघणार नाही, कारण स्थानिक निवडणुकांना तेवढे लोक येतच नाहीत. मला पडलेल्या मतांचं साधं बहुमत पुरेसं वाटतं, पण सोबत किमान उपस्थितीची अट हवी. ती किती टक्के, हे त्या शहराच्या आधीच्या निवडणुकांच्या नोंदी बघूनच ठरवावं.

एक मर्यादा मात्र कोणत्याही बहुमताने ओलांडता येत नाही. अलाबामातल्या अनेक काउंट्या आजही वर्णभेद मिटवण्याच्या फेडरल न्यायालयाच्या आदेशाखाली आहेत. तुमची काउंटी आहे का, हे सगळ्यात आधी विचारा. असेल, तर वेगळं होण्याला न्यायालयाची परवानगी लागते, मतदान झालेलं असो वा नसो. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्कॉटलंड नेक गावात १९६९ मध्ये विधिमंडळाने वेगळ्या शालेय विभागाचा कायदा केला होता आणि गावाच्या मतदारांनी तो मंजूरही केला होता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला, कारण त्याने काउंटीतल्या शाळांमधलं वर्णविभाजन मोडण्याच्या कामात खीळ बसत होती. त्याच दिवशी व्हर्जिनियातल्या एम्पोरिया शहरालाही ५ विरुद्ध ४ मतांनी तसाच निकाल मिळाला. गार्डनडेलच्या प्रकरणात २०१७ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी वंश हे एक कारण होतं असं ठरवूनही काही प्रमाणात परवानगी दिली होती. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तीही काढून घेतली. चळवळीच्या संयोजकांनी फेसबुकवर लिहिलेल्या गोष्टी त्या खटल्यात पुरावा म्हणून वाचल्या गेल्या. तेव्हा तुमच्या वसाहतीच्या ग्रुपवर ‘तिकडची मुलं आपल्या शाळेत नकोत’ असलं काही कोणी लिहीत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. मुळात ते चूक आहे म्हणून, आणि उद्या त्याचाच कागद न्यायाधीशांसमोर जाईल म्हणूनही.

थोडक्यात विचारायच्या गोष्टी कोणत्या, तर: न्यायालयाचा आदेश आहे का, एका मिलमागे दर विद्यार्थी किती, महिनावार रोख तक्ता कुठे आहे, इमारतींचा मसुदा कुठे आहे. याशिवाय दोन लहान वाटणाऱ्या गोष्टी, ज्या नेहमी सुटतात. बसची यादी वर्षासकट मागा. बस बदलण्यासाठी राज्याचा निधी दहा वर्षांपर्यंतच्या बसलाच मिळतो, आणि वेगळं होताना काउंटी आपल्या जुन्या बस देऊ करते. ४० पैकी २५ बस बारा वर्षांच्या असतील तर त्या फुकट मिळूनही महाग पडतात. आणि विशेष शिक्षण: ज्या मुलांना त्याची गरज आहे अशा प्रत्येक मुलाची कायदेशीर जबाबदारी पहिल्या दिवसापासून नव्या बोर्डावर येते. काउंटीत वाचा-उपचार, श्रवणदोष, ऑटिझम यांचे तज्ज्ञ अनेक शाळांत मिळून वापरले जातात. ते शहराला आपोआप मिळत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं काउंटीकडूनच ही सेवा करारावर घेणार का, हे मसुद्यात असलं पाहिजे. शिक्षकांच्या पेन्शनची काळजी मात्र करू नका. ती राज्याच्या योजनेत असते, बोर्ड बदललं तरी चालू राहते.

आता तुमच्या मुलीपुरतं. निर्णय आज झाला तरी नवं बोर्ड उभं राहायला दीड ते दोन वर्षं सहज जातात, म्हणजे ती नववीत असेल, हायस्कूलच्या पहिल्याच वर्षात. तुम्ही हद्दीत असाल तर तिची शाळा तीच राहण्याची शक्यता जास्त. बाहेर असाल तर पुढच्या सुनावणीत एकच प्रश्न लेखी द्या: बदलाच्या दिवशी जी मुलं आठवी ते अकरावीत असतील, त्यांना बारावी होईपर्यंत त्याच शाळेत राहता येईल का, फी न घेता, आणि बससह? ‘फी न घेता’ आणि ‘बससह’ हे शब्द वगळू नका, कारण राहायची परवानगी देऊन या दोन गोष्टी काढून घेतल्याची उदाहरणं असतात. शाळा दहा मैलांवर आणि दोघांची नोकरी असेल तर बसशिवायची परवानगी काही कामाची नाही. तोंडी ‘हो, हो, बघू’ यावर समाधान मानू नका. हे वाक्य करारनाम्याच्या मसुद्यात छापून आलेलं बघा, आणि ते मतदानाच्या आधी बघा.